एकोणिसावं कार्ड: फोटोशॉपचं काम मशीनवर टाकताना

(या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलेलं, परत परत आलेलं थोडं काढलंय. बाकी जसं बोलले तसंच.)



मागच्या काही भागांनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय. कुणाचा फोटो स्टुडिओ आहे, कुणी फ्लेक्सचं डिझाइन करतं, कुणाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. प्रश्न असा, की दिवसभर फोटोशॉपमध्ये तेच तेच करतो, हे आपोआप होईल असं काही सांग ना.

सांगते. पण त्याआधी मी स्वतः केलेली चूक सांगणार आहे. बटण कुठं आहे ते तुम्हाला कुठल्याही व्हिडिओत सापडेल. ही चूक मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नव्हती.

तर झालं असं. माझ्या मामाचा इथं नाशिकमध्ये, पंचवटीत फोटो स्टुडिओ आहे. लग्नसराई संपली की जून-जुलैमध्ये शाळांच्या ओळखपत्रांचं काम येतं. त्या वर्षी एक शाळा होती, पाचवी ते दहावी, १२ तुकड्या, मिळून ५६० मुलं. दुकानात अण्णा म्हणून आहेत. मी शाळेत होते तेव्हापासून ते तिथंच कॉम्प्युटरवर बसलेले. एक फोटो उघडायचा, कापायचा, उजेड नीट करायचा, मागं निळा रंग टाकायचा, साइज करायची, कार्डाच्या साच्यात बसवायचा, नाव, इयत्ता, रक्तगट, पालकांचा मोबाइल टाइप करायचा, सेव्ह. एका कार्डाला साधारण ३ मिनिटं. ५६० कार्डं म्हणजे १,६८० मिनिटं, म्हणजे २८ तास. चार दिवस मान वर करायची नाही.

मी सुट्टीला घरी होते. अण्णांच्या मागं उभी राहून बघितलं आणि म्हटलं, "मामा, हे मी एका संध्याकाळी करून देते."

मामा खूश. अण्णा काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "बघा ताई, करून."

आता मी काय केलं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुम्हाला ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, ॲक्शन. फोटोशॉपमध्ये ही सोय १९९६ पासून, म्हणजे ४.० या आवृत्तीपासून आहे. टेपरेकॉर्डरसारखंच आहे. रेकॉर्डचं बटण दाबायचं, एका फोटोवर सगळं काम हातानं करायचं, थांबवायचं. मग फाइल मेनूतल्या ऑटोमेटमध्ये जाऊन बॅच निवडायचं, फोल्डर दाखवायचं, की तेच काम सगळ्या फोटोंवर होतं.

यात तीन ठिकाणी माणूस हमखास अडकतो. एक, रेकॉर्ड करताना मोजमाप पिक्सेलमध्ये असेल तर उभ्या फोटोवर बरोबर बसलेलं काम आडव्या फोटोवर भलतीकडेच होतं. म्हणून आधी रुलरचं एकक टक्क्यांवर ठेवायचं. दोन, सेव्ह ॲज करताना फाइलचं नाव टाइप केलंत की तेच नाव रेकॉर्ड होतं, आणि सगळे फोटो एकाच नावानं एकमेकांवर सेव्ह होत जातात. शेवटी हातात एकच फाइल उरते. त्यामुळं नावाला हात लावायचा नाही, आणि बॅचमध्ये 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स' ही खूण करायची. तीन, मूळ फोटोंच्या फोल्डरवर कधीच काम करायचं नाही. आधी कॉपी करा, मग काम.

दुसरी गोष्ट, व्हेरिएबल्स. ही सोय अगदी कमी लोक वापरतात. इमेज मेनूमध्ये असते. कार्डाचा एकच साचा करायचा आणि त्याला सांगायचं, की नावाची ही जागा, रक्तगटाची ही, फोटोची ही. मग एक्सेलमधली यादी सीएसव्ही करून त्याला द्यायची. एका ओळीचं एक कार्ड. लग्नपत्रिकेवर 'श्री. ......' अशी जागा कोरी सोडतात ना, तसंच, फक्त कोरी जागा मशीन भरतं. शेवटी फाइल मेनूतून एक्स्पोर्ट, 'डेटा सेट्स ॲज फाइल्स', की ५६० फाइली तयार.

यात मराठीचा घोळ झालाच. दुकानात इतकी वर्षं श्रीलिपीत टाइप केलेलं. त्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात. फाँट बदलला की 'सावित्री'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भाजीपाला दिसतो. शाळेची यादी मात्र बाईंनी मोबाइलवर टाइप केलेली, म्हणजे युनिकोड. ती मी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत सेव्ह केली, तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं! मग लक्षात आलं की 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायला हवं होतं. ते केलं तर जोडाक्षरं फुटली, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला गेली. मग फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू केला. त्यात दीड तास गेला.

पण हा दीड तास मला आता वाईट वाटत नाही. कारण या चुका ओरडणाऱ्या होत्या. नावाच्या जागी प्रश्नचिन्ह आलं की आंधळ्यालाही कळतं. मशीनवर काम टाकताना ओरडणाऱ्या चुकीला घाबरायचं नसतं. गप्प बसणारी चूक महाग पडते.

रात्री साडेदहाला काम झालं. एक छोटी तपासणीही मी लिहिली होती. प्रत्येक तुकडीत यादीतली मुलं किती आणि फोल्डरमधले फोटो किती, ते जुळतं का? बाराच्या बारा तुकड्या जुळल्या. सहावी ब, मुलं ४७, फोटो ४७. मी लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी पीव्हीसी कार्डं छापली, शाळेत पोचवली.

आणि सोमवारी शाळेतून मामाला फोन आला.

सहावी ब मध्ये कार्डं वाटली तर वर्गात हसाहशी सुरू झाली. नाव मुलीचं, फोटो मुलाचा. ह्याच्या कार्डावर त्याचा चेहरा. मामा गाडी काढून गेला, बाईंची बोलणी खाल्ली, चुकलेली १८ कार्डं घेऊन परत आला.

मी म्हणत होते, "अहो पण आकडा जुळला होता!" अण्णांनी उत्तर दिलं नाही. टेबलाचा खण उघडला आणि एक वही काढली. दोनशे पानी, साधी वही. शाळेत फोटो काढायला जातात तेव्हा ही वही बरोबर असते. सहावी ब च्या पानावर त्यांच्या अक्षरात दोनच ओळी होत्या: "१२ गैरहजर. ३१ दोनदा, डोळे मिटले."

कळलं ना काय झालं ते?

१२ नंबरचा मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता, म्हणजे एक फोटो कमी. ३१ नंबरच्या मुलीनं डोळे मिटले म्हणून तिचा परत काढला, म्हणजे एक फोटो जास्त. एक कमी, एक जास्त. बेरीज ४७. माझ्या तपासणीनं मान डोलावली. आणि मी काय केलं होतं, तर पहिल्या नावाला पहिला फोटो, दुसऱ्याला दुसरा, असं क्रमानं लावलं होतं. मग १२ च्या नावावर १३ चा चेहरा, १३ वर १४ चा, असं सरकत सरकत ३० च्या नावावर ३१ चा मिटलेल्या डोळ्यांचा फोटो. ३१ ला तिचाच दुसरा फोटो मिळाला आणि तिथून पुढं सगळं आपोआप बरोबर. बाकीच्या ११ तुकड्यांत त्या दिवशी असा योग आला नाही, एवढंच माझं नशीब.

मी तोंड पाडून बसले होते आणि अण्णा बोटांवर मोजत होते. म्हणाले, "१२ पासून ३० पर्यंत. म्हणजे १९ कार्डं चुकली. परत आली १८. एक कुठंय?"

मामानं शाळेत फोन लावला. एकोणिसावं कार्ड १२ नंबरच्या मुलाच्या गळ्यात होतं. जो गैरहजर होता, तोच. त्याच्या कार्डावर त्याचं नाव, त्याचा रक्तगट, त्याच्या वडिलांचा मोबाइल, आणि चेहरा दुसऱ्या मुलाचा. बाईंनी सगळ्यांना चुकलेली कार्डं द्यायला सांगितली तेव्हा त्यानं दिलं नाही. का, तर त्याला वाटलं होतं, "मी फोटोला नव्हतोच ना, म्हणून दुसऱ्याचा लावला असेल."

अकरा वर्षांचं पोर. आपण नव्हतो ही आपलीच चूक, आता मिळालंय ते घालायचं, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं.

मला त्या बोलण्यांपेक्षा हे जास्त लागलं. अण्णा दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन एकट्या त्या मुलाचा फोटो काढायला शाळेत गेले. दोन काढले. म्हणाले, त्यालाच निवडू दिला.

आता यातून मला काय कळलं ते सांगते.

अण्णांचं काम बघताना मला फक्त त्यांचा हात दिसला. कापा, साइज करा, सेव्ह करा. हात तेच तेच करतोय, म्हणून म्हटलं मशीनला देऊ. पण त्या तीन मिनिटांत हाताबरोबर डोळाही काम करत होता. प्रत्येक फोटो उघडला की ते चेहरा बघायचे, नाव बघायचे, वहीत नजर टाकायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, कामाच्या यादीत लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलं असतं तर त्यांनीही कदाचित सांगितलं नसतं, कारण त्यांच्या दृष्टीनं ते वेगळं काम नव्हतंच. मी हाताचं काम मशीनला दिलं, आणि डोळ्याचं काम कुणालाच दिलं नाही. ते नुसतंच बंद पडलं.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: कुठलंही काम मशीनवर टाकायच्या आधी, ते करणाऱ्या माणसाच्या शेजारी एक अख्खा दिवस बसा. तो काय करतो ते लिहाच, पण तो कुठं थांबतो तेही लिहा. आणि खणात कुठली वही आहे ते विचारा.

आता गंमत बघा. या प्रश्नाचं उत्तर आमच्या नाशिकमध्येच आहे, नाशिकरोडला. करन्सी नोट प्रेस, १९२८ पासूनची. नोटा छापणं म्हणजे काय, तर एकच साचा आणि प्रत्येक प्रतीवर वेगळा नंबर. आमच्या ओळखपत्रांसारखंच, फक्त चुकीला माफी नाही. आता छापताना एखादी नोट खराब निघाली तर काय करायचं? पूर्वी तिच्या जागी त्याच नंबराची दुसरी नोट घालत, म्हणजे १०० च्या पाकिटातला क्रम मोडायचा नाही. मग २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'स्टार' नोटा आणल्या. खराब नोटेच्या जागी वेगळ्याच नंबराची नोट घालायची, आणि त्या नंबरात पुढची अक्षरं नि आकडे यांच्यामध्ये एक चांदणी छापायची. पाकिटाच्या पट्टीवरही लिहायचं, की यात स्टार नोटा आहेत. नोट तितकीच खरी, पण इथं बदल झालाय हे उघड दिसतं.

मी हे वाचलं तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या पद्धतीत १२ नंबरच्या जागेवर चांदणी नव्हती. रिकामी जागा होती आणि शेजारचा चेहरा सरकून तिच्यात बसला.

मग पुढच्या वर्षी आम्ही, म्हणजे मी आणि अण्णांनी मिळून, काम परत लावलं. ते असं.

पहिलं, क्रमावर विश्वास नाही. शाळेची यादी आता छापून शाळेतच नेतो. फोटो काढला की अण्णा मुलाच्या नावासमोर कॅमेऱ्यातला फोटोचा नंबर लिहितात. दोनदा काढला तर चांगला कुठला, तो लिहितात. म्हणजे तीच वही, फक्त आता ती एक्सेलचा एक रकाना झाली. मशीन त्या रकान्यातलं फाइलचं नाव वाचतं, कितवा फोटो आहे ते बघत नाही. तसाही कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की परत ०००१ वर येतो, तेव्हा क्रम कोलमडतोच.

दुसरं, गैरहजर मुलासाठी चांदणी. रकाना रिकामा असेल तर तिथं राखाडी चौकट येते, त्यावर लाल पट्टी: 'फोटो बाकी'. असं कार्ड छापायला जातच नाही. त्यांची यादी वेगळी निघते आणि अण्णा एक दिवस परत शाळेत जातात.

तिसरं, कापायचं काम अण्णांकडेच ठेवलं. ॲक्शनमध्ये अशा पायरीच्या डाव्या बाजूला एक छोटी चौकोनी खूण असते. ती चालू केली की ॲक्शन त्या पायरीवर थांबतं, माणसाची वाट बघतं. अण्णा चौकट चेहऱ्यावर नीट बसवतात, एंटर मारतात, पुढचं आपोआप होतं. एका फोटोला २० सेकंद लागतात. ५६० फोटोंना तीन तासांच्या थोडं वर. हे तीन तास मी वाचवायला गेले होते. पण त्या २० सेकंदांत चेहरा बघितला जातो.

उजेडाचंही तसंच. माझ्या पहिल्या ॲक्शननं सगळ्या चेहऱ्यांवर एकाच मापाचा उजेड टाकला होता. अण्णांनी एक फोटो दाखवून विचारलं, "ही पोर सावळी आहे. तिला गोरी कशाला केली?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी एका फोटोवर रेकॉर्ड केलेलं माप ५६० जणांना लावलं होतं. आता ती पायरीही थांबते.

चौथं, आणि सगळ्यात स्वस्त. तयार कार्डांचे जेपीजी करायचे आणि छापायच्या आधी प्रत्येक तुकडीचा एक कागद काढायचा. फोटोशॉपमध्ये ऑटोमेटखाली कॉन्टॅक्ट शीट आहे. ६ रकाने, ८ ओळी, म्हणजे एका ए-फोर कागदावर ४८ छोटी कार्डं, खाली फाइलचं नाव. फाइलच्या नावातच मुलाचं नाव टाकायचं. तो कागद वर्गशिक्षिकेला द्यायचा. आपल्याला ४७ अनोळखी चेहरे दिसतात, बाईंना ४७ ओळखीची मुलं दिसतात. त्यांना दोन मिनिटं लागतात. सही करून देतात, मगच छपाई. १२ तुकड्या, १२ कागद.

एवढं सगळं करूनही चार दिवसांचं काम दीड दिवसात होतं. मी म्हणाले होते तसं एका संध्याकाळी नाही होत. पण परत छापावं लागत नाही.

ज्यांच्याकडं फोटोशॉप नाही त्यांच्यासाठी थोडं. गिंप फुकट आहे, त्यातही स्क्रिप्ट चालतात. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली, तिच्यात पायथन ३ चालतं, पण जुनी पायथन स्क्रिप्ट जशीच्या तशी चालेल असं धरू नका. फॉर्म भरायचं दुकान असेल, बँकेच्या परीक्षेसाठी फोटो २० ते ५० केबीत नि सही १० ते २० केबीत बसवायचा रोजचा उद्योग असेल, तर इमेजमॅजिक बघा. तेही फुकट, १९९० पासून आहे, आणि अमुक केबीच्या आत बसव असं त्याला थेट सांगता येतं. फक्त एक इशारा. त्यात मॉग्रिफाय नावाची कमांड आहे, ती मूळ फाइलवरच लिहिते. गिऱ्हाइकाचा मूळ फोटो गेला की गेला. तिथं कॉपीवरच काम करा.

आता शेवटचं. बरेच जण विचारतात तो प्रश्न: मग अण्णांची नोकरी?

त्या पहिल्या संध्याकाळी अण्णा गप्प का होते ते मला नंतर कळलं. चार दिवसांचं काम एका संध्याकाळी झालं तर उरलेल्या दिवसांचं काय, हा हिशोब त्यांनी माझ्या आधी केला होता. मी त्यांना त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. "बघा ताई, करून" याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

आता जून-जुलैमध्ये मामा एकाऐवजी तीन शाळा घेतो, आणि तिन्ही शाळांत फोटो काढायला अण्णाच जातात. सगळीकडं असंच होईल असं मी म्हणणार नाही. मामानं काम वाढवायचं ठरवलं म्हणून झालं. दुसऱ्या मालकानं माणूस कमी केला असता. त्यामुळं तुम्ही कुणाचं काम मशीनवर टाकणार असाल, तर त्या माणसाला आधी सांगा, आणि त्याला शेजारी बसवून टाका. माणुसकी म्हणून तर आहेच. पण खणातली वही कुठं आहे, हेही त्यालाच माहीत असतं.

परवा मामाकडं गेले होते. नव्या वर्षाच्या यादीवर अण्णांनी 'फोटो बाकी'च्या ओळींपुढं पेनानं छोट्या चांदण्या काढल्या होत्या. नाशिकरोडची गोष्ट मी त्यांना सांगितली होती, ती त्यांनी लक्षात ठेवली.

चला, आज इथंच थांबू. तुमच्या कामातली 'वही' कुठली, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!